घरात अडकलेल्या कुत्र्याला कसे गुंतवून ठेवावे? रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी माहिती

गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, हाड मोडणे, दीर्घ ताप, बाळंतपण किंवा सततचा पाऊस अशा कारणांनी घरातली माणसे घरात अडकतात, तेव्हा कुत्र्याचे रोजचे फिरणेही बंद पडते. श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावरच्या गावात ही वेळ दर पावसाळ्यात येऊ शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा करोनामुळे माणसे आधीच घरात होती. वादळात श्रीवर्धन आणि दिवेआगर परिसरातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली आणि कित्येक दिवस वीज नव्हती.

अशा काळात कुत्र्याला गुंतवून ठेवणे हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाही भाग आहे. कंटाळलेला कुत्रा वॉकरच्या आडवा येतो, अंगावर उडी मारतो, टाक्यांची पट्टी ओढतो आणि कधी कधी चावतोही.

कुत्रा बेचैन का होतो?

फिरायला गेलेला कुत्रा चालतो त्याहून अधिक वास घेतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, १० कोटींहून अधिक. घरात कोंडल्यावर पायांपेक्षा त्याच्या नाकाचे काम थांबते. म्हणून लांब फिरवणे जमत नसेल, तर नाकाला आणि डोक्याला काम द्या. दहा-पंधरा मिनिटे मन लावून वास शोधल्यावर बरेच कुत्रे आपणहून झोपतात.

बेचैनीची लक्षणे अशी: विनाकारण भुंकणे, दार खरवडणे, चपला-उशा फाडणे, येरझाऱ्या घालणे, स्वतःचे पंजे सतत चाटणे, माणसाच्या पायात घुटमळणे.

दिवसाची आखणी

निरोगी मोठा कुत्रा दिवसातला निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ झोपतो किंवा नुसता लोळतो. त्याला दिवसभर खेळवण्याची गरज नसते. ठरलेल्या वेळी तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

- सकाळी: शी-शूसाठी बाहेर नेणे, परत आल्यावर खाणे शोधण्याचा खेळ.
- दुपारी: एखादी आज्ञा शिकवणे, नंतर शांत कोपऱ्यात झोप.
- संध्याकाळी: लपाछपी किंवा चघळायला काहीतरी.

रुग्णाचे जेवण, व्यायाम किंवा पट्टी बदलण्याची वेळ यांच्या थोडे आधी खेळ घ्यावा. त्या वेळी कुत्रा दमलेला असतो आणि मध्ये येत नाही. खेळासाठी वापरलेले खाणे त्याच्या रोजच्या खाण्यातूनच काढा. फिरणे कमी असताना जास्तीचे खाणे दिले, तर वजन वाढते.

घरातल्या वस्तूंचे खेळ

- गोणपाट किंवा जुना टॉवेल: त्यावर कोरड्या खाण्याचे किंवा भाकरीचे छोटे तुकडे पसरून गुंडाळी करा. कुत्रा नाकाने उलगडत खातो.
- पुठ्ठ्याचा खोका: पिना आणि चिकटपट्टी काढून आत चुरगळलेले कागद आणि खाऊ टाका. तो कागद गिळत असेल, तर हा खेळ बंद करा.
- तीन वाट्या: एका वाटीखाली खाऊ ठेवून ओळखायला लावा. रुग्णाला खुर्चीत बसून, वाट्या स्टुलावर ठेवून हा खेळ घेता येतो. वाकावे लागत नाही.
- लपाछपी: घरातल्या मुलाने दाराआड लपून कुत्र्याला हाक मारायची. पावसात मुलांनाही विरंगुळा होतो.
- चघळणे: कच्च्या गाजराचा मोठा तुकडा, माणूस समोर असतानाच.

टाके असलेल्या किंवा तोल जाणाऱ्या व्यक्तीने दोरी ओढण्याचा खेळ खेळू नये. म्हातारा, हृदयविकार असलेला किंवा पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा दमट हवेत लवकर धापा टाकतो. त्याचा खेळ पाच मिनिटांवर थांबवा.

‘जागेवर’ ही आज्ञा आधी शिकवा

एक चटई ठरवा. कुत्रा तिच्यावर गेला की ‘जागेवर’ म्हणा आणि लगेच खाऊ द्या. सुरुवातीला दोन सेकंद, मग दहा, मग एक मिनिट, असा वेळ वाढवा. शस्त्रक्रिया आधीच ठरलेली असेल, तर दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. रुग्ण उठताना, चालताना आणि शौचालयात जाताना कुत्रा चटईवर असावा.

हे देऊ नका

- सुपारी: वाडीत किंवा अंगणात वाळत घातलेल्या सुपारीशी कुत्र्याला खेळू देऊ नका. तिच्यातल्या अरेकोलीन या द्रव्याने लाळ गळणे, उलट्या आणि जुलाब होतात. पूर्वी याच द्रव्याचा क्षार कुत्र्यांच्या पोटातले जंत पाडण्यासाठी देत असत.
- कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले साखरविरहित च्युइंगगम.
- शिजवलेली हाडे, माशांचे काटे आणि खारवलेली सुकी मासळी.
- माणसांची औषधे. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात. रुग्णाच्या गोळ्या उंचावर, बंद डब्यात ठेवा.

पाऊस, विजा आणि वादळ

गडगडाटाला घाबरलेल्या कुत्र्यावर ओरडू नका. खिडक्या लावा आणि घराच्या आतल्या खोलीत पलंगाखाली किंवा कोपऱ्यात त्याला जागा करून द्या. त्याला जवळ यावेसे वाटले तर येऊ द्या. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. लपून बसलेल्या कुत्र्याला हाताने बाहेर ओढू नका, तो भीतीपोटी चावू शकतो.

वादळानंतर अंगणात पडलेले पत्रे, खिळे, काचा आणि विजेच्या तारा हटेपर्यंत त्याला मोकळे सोडू नका.

साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात. कुत्र्याला डबक्यात खेळू देऊ नका. परत आल्यावर त्याचे पाय आणि पोट कोरडे करा, बोटांच्या मध्ये व कानात गोचीड आहेत का पाहा. त्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला, मग साबणाने हात धुवा. या रोगाची लस कुत्र्यांसाठी मिळते, त्याबद्दल पशुवैद्यकांना विचारा.

रुग्णाने घ्यायची काळजी

- कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे तो जवळ आल्याचे कळते. वीज गेल्यावर विजेरी हाताशी असू द्या.
- साखळी मनगटाला गुंडाळू नका. वॉकर किंवा काठी वापरणाऱ्याने कुत्र्याला बाहेर नेऊ नये.
- जखम, टाके, कॅथेटर किंवा डायलिसिसची नळी कुत्र्याला चाटू देऊ नका. कुत्र्याच्या लाळेने जखम बरी होते हा समज चुकीचा आहे.
- केमोथेरपी सुरू असलेल्या, प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना लाळेतल्या जंतूंपासून गंभीर संसर्ग होऊ शकतो. कुत्रा घरात ठेवता येतो का, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. बहुतेकदा काळजी घेऊन ठेवता येतो.
- लहान बाळ आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नका.
- कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नका, मागे व्हा. गुरगुरणे ही सूचना असते. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो.

चावला किंवा ओरखडले तर

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल लावू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुत्रा घरचा आहे आणि त्याला लस दिलेली आहे, म्हणून थांबू नका. आधी लस न घेतलेल्या व्यक्तीला त्वचेत दिल्या जाणाऱ्या रेबीज लसीचे डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र हा आजार टाळते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- साचलेल्या पाण्याशी संपर्क आल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे. डॉक्टरांना पाण्याबद्दल आणि घरातल्या कुत्र्याबद्दल आठवणीने सांगा.
- चावलेली जागा सुजणे, पू येणे, तापणे.
- कुत्र्यामुळे पडल्यावर दुखणे, सूज, चालता न येणे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार बसला, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालयात जा.

कुत्रा खात नसेल, सतत उलट्या करत असेल, लघवी करत नसेल किंवा त्याचा स्वभाव एकाएकी बदलला असेल, तर तो कंटाळा समजू नका. पशुवैद्यकांना दाखवा आणि तोवर त्याच्यापासून अंतर ठेवा.

घरच्यांनी आधी ठरवायच्या गोष्टी

कुत्र्याला बाहेर कोण नेणार, खाणे कोण देणार आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे लागले तर कुत्रा कोणाकडे राहणार, हे पावसाळ्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ठरवा. त्याची लसीकरणाची नोंदवही, दहा-बारा दिवसांचे खाणे आणि पशुवैद्यकांचा फोन नंबर एका पिशवीत ठेवा. ती पिशवी कुठे आहे, हे शेजारच्यांनाही सांगून ठेवा.