संकेतस्थळासाठी प्रतिमा अनुकूलन

प्रतिमा अनुकूलन म्हणजे संकेतस्थळावरील छायाचित्रे व रेखाचित्रे वाचनीय राखून त्यांच्या फाइली शक्य तितक्या हलक्या करणे. भोसरी किंवा चाकण येथील सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगाची उत्पादनसूची हे याचे बोलके उदाहरण ठरेल. अशा सूचीत धातूच्या भागांची छायाचित्रे आणि मापे लिहिलेली अभियांत्रिकी रेखाचित्रे शेजारी-शेजारी येतात, व दोहोंना एकच उपाय चालत नाही.

आकारमान

सर्वाधिक बचत आकारमानातून होते. ४००० × ३००० छायाचित्रात १ कोटी २० लाख चित्रबिंदू असतात. ते ८०० × ६०० केल्यास ४ लाख ८० हजार, म्हणजे पंचविसावा हिस्सा उरतो. एचटीएमएलमध्ये रुंदी-उंची लिहिल्याने फाइल हलकी होत नाही, मूळ फाइल पूर्णच उतरवली जाते. तरीही ही नोंद करावी, कारण तिच्यामुळे चित्राची जागा आधीच राखली जाते आणि वाचताना मजकूर खाली सरकत नाही.

स्वरूप

जेपीईजी (१९९२) चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे वगळते. त्यामागील गणिती रूपांतर बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद, तसेच टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. ओतीव भागाच्या करड्या छटांना ही पद्धत मानवते, रेखाचित्राला नाही. तीव्र संपीडनात बारीक रेषांभोवती डाग उमटतात, आकडे पुसट होतात. ०.०५ मिमी सूट दर्शवणाऱ्या आकड्यातील दशांशचिन्हच हरवले, तर वाचलेल्या किलोबाइटांना काही अर्थ राहत नाही. म्हणून रेखाचित्रांसाठी एसव्हीजी, किंवा माहिती न गमावणारे पीएनजी (१९९६) योग्य. छायाचित्रांसाठी वेबपी (२०१०) व एव्हीआयएफ (२०१९) ही स्वरूपे बहुधा जेपीईजीपेक्षा लहान फाइल देतात.

देवनागरी मजकुराचे चित्र करणे मात्र टाळावेच. शिरोरेखा व अनुस्वार धूसर होतात हा त्यातला लहान तोटा. असा मजकूर शोधयंत्राला व दृष्टिहीनांच्या वाचकप्रणालीला थेट मिळत नाही, हा मोठा. युनिकोडमधील तोच मजकूर चित्राच्या तुलनेत नगण्य जागा घेतो.

इतर बाबी

मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात स्थाननिर्देशांक नोंदलेले असू शकतात. ते काढल्याने थोडीच जागा वाचते, पण कारखान्याचे किंवा घराचे ठिकाण उघड होत नाही. पानाच्या खालच्या भागातील चित्रे वाचक तेथे पोहोचेपर्यंत उतरवू नयेत, असे ब्राउझरला सांगता येते. सर्वांत वरच्या चित्राला ही सूचना दिल्यास ते उलट उशिरा दिसते.