हेमलकशाच्या शिळा आणि शिवडीच्या कबरी : मृतांची जागा कोणाची? (धागा)

हेमलकसा म्हटले की १९७३ साली बाबा आमटे यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. परंतु भामरागडच्या या अरण्यात त्याहून पुष्कळ जुनी एक सार्वजनिक व्यवस्था आहे. तिला ना कुंपण, ना कार्यालय, ना नोंदवही. ती म्हणजे माडिया गोंडांची मृतांची जागा.

माडिया समाजात मृताचे दफन वा दहन झाल्यावर, कुटुंबाची ऐपत आणि सवड पाहून, त्याच्या स्मरणार्थ दगड उभा केला जातो. त्या निमित्ताने आप्त जमतात, गावजेवण होते. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विल्फ्रिड ग्रिगसन याने इंद्रावतीपलीकडील बस्तरमधील मारियांच्या अशा शिळांचे सविस्तर वर्णन केले आहे. मृताची शिळा त्याच्या कुळाच्या भूमीत उभी राहते, ही त्यातील लक्षणीय बाब. शिळांची रांग म्हणजे जणू कुळाचा सातबाराच.

विदर्भाला अशा दगडांची ओळख जुनी आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे रिव्हेट-कार्नाक याने एकोणिसाव्या शतकातच उकरून पाहिली. पुढे माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील उत्खननांत लोहयुगीन दफने मिळाली. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला शिलाप्रकोष्ठ आहेत. तेव्हाचे लोक आणि आजचे माडिया यांच्यात थेट वंशसंबंध जोडण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. प्रथांचे साम्य हा रक्ताचा पुरावा नव्हे.

पुरावा मात्र निराळ्या अर्थाने ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये, वनहक्काच्या दाव्यासाठी ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. तीत विहिरी आणि पवित्र स्थळे यांच्याबरोबर दफनभूमीही आहे. ज्यांच्या हाती कागद नाही, त्यांचे पूर्वजच साक्षीला उभे राहतात. ब्रिटिश वनखात्याने ज्या जंगलात रहिवाशाला परका ठरवले, तिथे कायद्याने उशिरा का होईना, ही साक्ष मान्य केली.

शहरात नाते उलटे होते. तेथे जागा पालिकेची, मृत केवळ तात्पुरता रहिवासी. १८६० च्या दशकात मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने शिवडीला ख्रिस्ती दफनभूमी झाली; ती जागा पूर्वी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. पुढे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने अंत्यविधीच्या जागांचे नियमन पालिकेकडे सोपवले आणि असलेल्या जागा अपुऱ्या पडल्यास नव्या पुरवण्याचे कर्तव्यही घातले. कर्तव्य कागदावर राहिले, शहर वाढत गेले. आज मुंबईत तीच कबर काही काळाने पुन्हा उघडली जाते. ख्रिस्ती कुटुंबे अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. टंचाईतून जन्मलेली ही काटकसर आहे, अनास्था नव्हे.

या व्यवस्थेची कसोटी ३० मार्च २०२० रोजी लागली. कोविडने मरण पावलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक मुंबई महापालिकेने काढले आणि काही तासांतच मागे घेतले. त्यानंतर वांद्र्याच्या काही रहिवाशांनी शेजारच्या दफनभूमींच्या वापराला न्यायालयात विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी तो फेटाळला. सन्मानाने होणारा अंत्यविधी हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला.

मग गावाची, कुळाची जागा अधिक उदार म्हणावी काय? तसे सरसकट म्हणता येत नाही. जी जागा ‘आपले’ कोण हे सांगते, तीच ‘परके’ कोण हेही ठरवते. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरच्या छिंदवाडा गावातील एका ख्रिस्ती पाद्रीचे निधन झाले. गावातल्या जागेत दफन करण्यास विरोध झाला आणि मृतदेह शवागारात पडून राहिला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही: न्या. नागरत्ना यांनी कुटुंबाच्या खाजगी शेतात दफनाला संमती दिली, न्या. शर्मा यांनी ख्रिस्ती समाजासाठी नेमलेल्या जागेचाच आग्रह धरला. प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवले तर मृतदेह आणखी खोळंबला असता. म्हणून २७ जानेवारीला अनुच्छेद १४२ खाली निर्देश देण्यात आला : दफन करकापाल येथे व्हावे. ही जागा गावापासून सुमारे २०-२५ किलोमीटर दूर आहे.