कंसातली नावे: टेंभुर्णीच्या जमीन-दप्तराचा इतिहास

माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीची कोणतीही शेतजमीन महसूल दप्तरात उतरंडीने सापडते: जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक, हिस्सा आणि त्याखाली खातेदारांची नावे. वरची पायरी ठाऊक नसेल, तर खालच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

या रचनेचा पाया जवळच, इंदापूर तालुक्यात घातला गेला. ब्रिटिश अधिकारी आर. के. प्रिंगल याने 1820च्या दशकात केलेली मोजणी चुका, लाचलुचपत आणि न पेलणारे दर यांमुळे फसली, आणि शेतकरी गावे सोडून गेले. 1835 मध्ये एच. ई. गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतले. 1836 मध्ये 30 वर्षांसाठी दर ठरले आणि 1847च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात रूढ केली. मोजणी 33 फुटी साखळीने होई. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. दराइतकेच, किंबहुना त्याहून टिकाऊ ठरले ते प्रत्येक शेताला मिळालेले स्वतंत्र क्रमांक.

क्रमांक जमिनीचा होता, माणसाचा नव्हे. वहिवाटदाराच्या हक्काची पद्धतशीर नोंद 1903च्या कायद्याने सुरू झाली. आज गाव नमुना सातमध्ये कब्जेदार, बारामध्ये पिके, सहामध्ये फेरफार आणि आठ-अमध्ये एका खातेदाराच्या गावातल्या सर्व जमिनी एकत्र दिसतात. सात आणि आठ-अ ही त्याच नोंदींची दोन दर्शने आहेत: एक जमिनीकडून, दुसरे खातेदाराकडून.

खरी कसोटी बदलाची असते. वारस लागतो, खरेदीखत होते, वाटणी होते. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचा तलाठी) फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. जुने नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक लिहितात. हाती लिहिलेल्या सातबाऱ्याचे (नमुना सात व बारा) पुनर्लेखन झाले की कंसातली नावे नव्या पानावर येत नाहीत. म्हणून मागचा माग काढायला फेरफाराची वही लागते, आणि दप्तरातले सर्वांत मौल्यवान पुस्तक तेच.

त्याहून अवघड असते क्रमांकच बदलणे. 1947च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार योजना लागू झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्याचा मेळ दाखवणारे एकत्रीकरणाचे तक्ते नसतील, तर पणजोबांच्या दस्तातली जमीन आज ओळखता येत नाही. उजनी धरणासाठी भीमाकाठच्या जमिनी संपादित झाल्या. अशा संपादनात गटाचे क्षेत्र फुटले की तो बदल दाखवणारे कमी-जास्त पत्रक करावे लागते.

उतरंडीतल्या बदलाचा हाच पेच संगणकातही उभा राहिला. 10 फेब्रुवारी 1998 रोजी एक्सएमएल या माहिती उतरंडीने मांडणाऱ्या भाषेची शिफारस प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वांत वरचा सोडून प्रत्येक घटक दुसऱ्या घटकाच्या पोटात बसतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डॉम या दस्तऐवज हाताळण्याच्या मानकाने असे घटक यादी म्हणून हाताळायची सोय दिली. मात्र ही यादी जिवंत असते: मूळ दस्तऐवज बदलला की तीही बदलते. जावास्क्रिप्टमध्ये अशा यादीतले घटक पहिल्यापासून काढत गेल्यास दुसरा सरकून पहिल्या जागी येतो, मोजणी मात्र पुढे जाते आणि दर वेळी एक घटक सुटतो. म्हणून शेवटाकडून काढतात, किंवा आधी यादीची गोठवलेली प्रत घेतात. गाव नमुन्यात फेरफार लिहिताना नाव काढलेच जात नाही, फक्त कंसात जाते, त्यामुळे हा घोटाळा होत नाही. दप्तर जिवंत राहते आणि नक्कल म्हणून दिलेला उतारा ही त्या दिवसाची गोठवलेली प्रत असते.

महाराष्ट्रात 2018 पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. फेरफार आता ई-फेरफार प्रणालीत नोंदले जातात. तरीही संगणकीकरणाआधीच्या व्यवहारांसाठी टेंभुर्णीच्या खातेदाराला हस्तलिखित फेरफाराची नक्कल मागावीच लागते.