ठाण्याच्या भिंतीआड

माझे आजोबा ठाण्याच्या मनोरुग्णालयात अटेंडंट होते. नोकरीला लागले तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, निवृत्त झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊनही बरीच वर्षं लोटली होती. त्यांच्या गोष्टी निघाल्या आणि आम्हा पोरांपैकी कोणी ‘वेडा’ म्हटलं, की आजी तिथल्या तिथे दटावायची, “पेशंट म्हणायचं.”

हे रुग्णालय १९०१ सालचं. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, म्हणजे ही दोन्ही त्याच्याहून थोरली. मुंबईत कुलाब्याच्या जुन्या इस्पितळात माणसं मावेनाशी झाली होती. ठाण्याला रेल्वेलगत ऐसपैस जागा मिळाली. नाव पडलं नरोत्तमदास माधवदास यांचं.

त्या काळच्या अशा इमारतींचा साचा ठरलेला असे. भोवती उंच भिंत, आत लांबलचक बैठ्या बराकी, बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. कोंदट हवेनं रोग होतो अशी डॉक्टरांची समजूत, म्हणून छत उंच, वर झरोके, पुढे व्हरांडा. पण खिडक्यांना गज आणि दाराची कडी बाहेरून. हवा रुग्णासाठी, गज कैद्यासाठी! बरीच वर्षं या इस्पितळांवर देखरेखही तुरुंग खात्याचीच होती. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्यानेही उपचारापेक्षा ताब्यात ठेवण्याचीच काळजी जास्त वाहिली.

आजोबांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. संध्याकाळी गिनती व्हायची. आजोबा आकडे म्हणत नसत, प्रत्येकाला नावानं हाक मारत. कोणी ओ दिली नाही, तर जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवत आणि मगच पुढे सरकत. इचलकरंजीकडचा एक विणकर महिनोन्‌महिने कोणाशी बोलला नव्हता. त्याला रुग्णालयातल्या मागावर नेऊन बसवला, तर हातपाय आपसूक चालू लागले. आजोबांनी कौतुकानं ताण्याला बोट लावलं, तसा तो ओरडला, “ओढू नका, तुटंल!” हे सांगताना आजोबांचा चेहरा दर वेळी उजळायचा.

पन्नासच्या दशकात लार्गॅक्टिल आलं. त्या औषधानं बराकीतला आरडाओरडा पहिल्यांदा कमी झाला, असं आजोबा म्हणत. माणसं सावरू लागली, घरची आठवण काढू लागली. मग आजोबा त्यांच्यासाठी पोस्टकार्डं लिहीत: तब्येत बरी आहे, न्यायला यावे. काहींचे भाऊ धावत आले. काहींच्या घरून कधीच उत्तर आलं नाही, आणि ती माणसं बरी होऊनही तिथेच म्हातारी झाली.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी घातली. त्याचं १९ वं कलम सांगतं, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणासाठी कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. आजोबांच्या पोस्टकार्डांना हे उत्तर फार उशिरा मिळालं, पण मिळालं. आता ते गावोगाव पोचायला हवं. परतलेल्या माणसाला जवळच्या सरकारी दवाखान्यात नियमित औषध, हाताला काम आणि त्याच्या थकल्या घरच्यांना आधार मिळाला पाहिजे. घरी जायचा हक्क कागदावर मिळालेल्या माणसाला घरही मिळवून देणं, हे आपलं सगळ्यांचं काम आहे.