विलायती सनद, देशी दाखला

सनद हा शब्द आपल्याकडे जुना आहे. वतनाची सनद, इनामाची सनद, वकिलीची सनद. ज्याच्या हाती ती असेल त्याला अमुक एक करण्याचा हक्क, आणि ज्याच्या हाती नसेल त्याला तो हक्क नाही, इतका तिचा सरळ अर्थ. चार्टर्ड अकाउंटंट या इंग्रजी पदवीचे मराठीकरण ज्याने कोणी 'सनदी लेखापाल' असे केले, त्याने मोठ्या मार्मिकपणे केले असे आम्हास वाटते. कारण या धंद्याचा इतिहास हा जितका हिशेबाचा आहे तितकाच सनदेचा आहे. ती कोणी द्यावी, कोणाला द्यावी, आणि एका देशातील सनद दुसऱ्या देशाने मानावी की नाही, यावर शे-दीडशे वर्षे वाद चाललेला आहे.

कामगारांच्या संघटनेचे काम करणाऱ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर अगदी रोकडे आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. ताळेबंद वाचावयास आम्हाला बोनसने शिकविले. मुंबईच्या गिरण्यांच्या बोनसच्या तंट्यात १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरील परतावा, यंत्रसामग्रीच्या पुनर्वसनाची रक्कम वजा करावयाची, आणि जे शिल्लक राहील त्यात कामगाराचा वाटा धरावयाचा. पुढे १९६५ चा बोनस कायदा आला. त्याच्या २३ व्या कलमाने असे ठरविले की, कायद्याने लायक ठरलेल्या लेखापरीक्षकाने तपासलेला कंपनीचा ताळेबंद पुढे आला की न्यायाधिकरणाने तो बरोबर आहे असे गृहीत धरावे. मालकाने शपथपत्र करून तो सिद्ध करण्याची गरज नाही. कामगारांच्या संघाला खुलासा मागता येई, परंतु तो मागावयाचा तर कोणत्या आकड्याविषयी मागावयाचा हे आधी कळले पाहिजे! तेव्हा ज्या सहीवर हजारो घरांची दिवाळी अवलंबून, ती सही करण्याचा अधिकार कोणाला आणि का मिळाला, हे जाणून घेणे आम्हाला आमच्या कामाचाच भाग वाटत आले आहे. शिवाय १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने खुद्द संघांनाही दर वर्षी हिशेब तपासून घेऊन निबंधकाकडे पाठविणे भाग पाडले होते. म्हणजे आम्हीही त्या सहीचे गिऱ्हाईक होतोच.

सुरुवात स्कॉटलंडात झाली. एडिंबरोच्या हिशेबनिसांनी १८५४ साली राजसनद मिळविली, ग्लासगोच्या मंडळींनी १८५५ साली, अॅबर्डीनच्या मंडळींनी १८६७ साली. इंग्लंड-वेल्सची संस्था १८८० ची. ज्यांना त्या संस्थेत शिरकाव मिळाला नाही, किंवा ज्यांना तिचे दरवाजे फार अरुंद वाटले, त्यांनी १८८५ साली दुसरी एक सोसायटी काढली. तिच्या सभासदांना 'इनकॉर्पोरेटेड अकाउंटंट' म्हणत. ही दुसरी संस्था १९५७ साली पहिलीत विलीन झाली.

या संस्थांत शिरण्याची वाट एकच होती, ती म्हणजे उमेदवारी. एखाद्या सनदी गृहस्थाच्या पेढीत करार करून सामान्यतः पाच वर्षे राबावयाचे, पदवीधर असल्यास तीन वर्षे, आणि मग परीक्षा द्यावयाची. या उमेदवाराला पगार मिळणे दूरच, उलट त्याच्या बापानेच मालकाला नजराणा द्यावयाचा अशी तिकडे वहिवाट होती. आमच्यासारख्याला हे वाचून हसावे की रडावे कळत नाही. गिरणीतल्या बदली कामगाराला निदान हजेरीचे पैसे मिळत. येथे हजेरी लावण्याचेच पैसे भरावयाचे. मग गरिबाचा मुलगा या धंद्यात यावा कसा? आणि हिंदी मुलाचे तर बोलावयासच नको. बोटीचे भाडे, पाच वर्षांचा लंडनचा खर्च, वर नजराणा, आणि एवढे सगळे हाती असले तरी त्याला उमेदवार म्हणून ठेवून घेणारा मालक मिळणे हीच त्याची पहिली परीक्षा असे.

आता हिंदुस्थानाकडे वळू. कंपन्यांचे कायदे येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच झाले होते, परंतु हिशेब तपासणाराची लायकी काय असावी याविषयी ते गप्प होते. १९१३ च्या कंपनी कायद्याच्या १४४ व्या कलमाने प्रथमच सांगितले की, ज्याच्यापाशी प्रांतिक सरकारचे प्रमाणपत्र आहे त्यानेच सार्वजनिक कंपन्यांचे हिशेब तपासावे. प्रमाणपत्रे दोन तऱ्हेची होती. एक अनिर्बंध, ते सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात चाले. दुसरे निर्बंधित, ते त्याच प्रांतापुरते, आणि तेही प्रमाणपत्रात लिहिलेल्या भाषेतील हिशेबांपुरते. म्हणजे गुजराती चोपड्या किंवा मराठी कीर्द-खतावणी वाचणारा माणूस आपल्या भाषेच्या कुंपणात बांधलेला, आणि इंग्रजी लेजर वाचणाऱ्याला मात्र सगळे रान मोकळे. निर्बंधित प्रमाणपत्रे देणे पुढे १९२० मध्ये बंद झाले.

परंतु त्याच कलमात आणखी एक सोय होती. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला की, अमुक संस्थेच्या सभासदांना हिंदुस्थानभर हिशेब तपासण्याचा हक्क आपोआप मिळे. या जाहीरनाम्यांत ज्या संस्था आल्या त्या विलायतेतल्या. लंडनची सनद मुंबईच्या बंदरावर उतरली की तिची कोणी जकात घेत नसे. कलकत्त्याच्या ताग आणि चहाच्या कंपन्या, मॅनेजिंग एजंटांची घराणी, यांचे हिशेब इंग्रजी पेढ्यांकडे जात ते याच वाटेने. उलट दिशेने वाट नव्हतीच. मुंबईचे प्रमाणपत्र घेऊन लंडनला गेलेल्या माणसाला त्या प्रमाणपत्राच्या बळावर सनदी संस्थेत पाऊल ठेवता येत नसे.

यातली खरी गंमत पुढेच आहे, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे ती शिकल्यासवरल्या माणसांनाही सहसा ठाऊक नसते. ज्या इंग्लंडच्या सनदेचा येथे एवढा मान, त्या इंग्लंडात कंपनीचा हिशेब तपासणारा सनदी असलाच पाहिजे असे सर्वसाधारण कंपन्यांना लागू होणारे बंधन कायद्यात नव्हते! भागधारक नेमतील तो लेखापरीक्षक. ते बंधन तिकडे १९४७-४८ च्या कंपनी कायद्यांनी आले. म्हणजे जी लायकी हिंदी माणसाकडून १९१३ पासून मागितली जात होती, ती राज्यकर्त्यांनी आपल्या घरी मागावयास आणखी चौतीस-पस्तीस वर्षे लावली. या १९४८ च्या कायद्यातच, देशाबाहेर मिळविलेली तत्सम लायकी असेल त्याला बोर्ड ऑफ ट्रेडने परवानगी द्यावी, अशी एक फट ठेवलेली आहे. फट म्हणण्याचे कारण, ती उघडावयाची की नाही हे सर्वस्वी बोर्डाच्या हातात होते.

मधल्या काळात मुंबईने मोठे काम केले, याचा आम्हाला मुंबईकर म्हणून अभिमान आहे. १९१३ साली येथे सिडनहॅम कॉलेज निघाले. कल्याण सुब्रमणी अय्यर हे १८९७ पासून मुंबईत हिशेबतपासणीचा व्यवसाय करीत होते. कॉलेज उभे करण्यात त्यांचा हात होता आणि त्याचे पहिले मानद प्राचार्यही तेच. पुढे १९१८ मध्ये मुंबईत 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. ही परीक्षा द्यावी, मान्य लेखापरीक्षकाकडे तीन वर्षे उमेदवारी करावी, की अनिर्बंध प्रमाणपत्र मिळे. जी. डी. ए. ही तीन अक्षरे नावापुढे लावलेल्या पाट्या फोर्टात दिसू लागल्या त्या तेव्हापासून. बोटीत न बसता लेखापरीक्षक होण्याची वाट प्रथम उघडली ती अशी.

मद्रासच्या आर. शिवभोगम् या बाई १९३३ मध्ये हीच परीक्षा उतरल्या. या धंद्यातील देशातल्या त्या पहिल्या स्त्री. सविनय कायदेभंगात त्यांना एक वर्षाचा तुरुंगवास घडला होता. तुरुंगात गेलेल्यांची नोंदणी करावयाची नाही असा नियम आडवा आला, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि मिळविली. सनद ही नेहमी ज्ञानाच्याच मापाने मिळते असे समजणाऱ्यांनी या बाईंची हकीकत ध्यानात ठेवावी. इंग्लंडच्या सनदी संस्थेनेही पहिल्या स्त्रीला, मेरी हॅरिस स्मिथ यांना, आत घेतले ते १९२० साली, म्हणजे संस्था चाळीस वर्षांची झाल्यावर.

तिसाव्या दशकात कारभार प्रांतांकडून मध्यवर्ती सरकारकडे गेला. १९३२ च्या नियमांनी लेखापरीक्षकांचे एक रजिस्टर तयार झाले, त्यात नाव असेल तो 'रजिस्टर्ड अकाउंटंट', म्हणजे आर. ए.; आणि सरकारला सल्ला देण्यासाठी इंडियन अकाउंटन्सी बोर्ड स्थापन झाले. सल्ला बोर्डाने द्यावा आणि हुकूम सरकारने काढावा, असा तो बेत. धंदेवाल्यांचे समाधान त्याने झाले नाही. वकिलांना, डॉक्टरांना आपापली मंडळे आणि आम्हाला सरकारी खात्याचे दार का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. आम्ही मालकवर्गाच्या संघटनांची स्तुती क्वचितच करतो, परंतु आपल्या धंद्याचे नियम आपल्या हाती असावेत ही मागणी ज्यांनी केली त्यांना आम्ही दोष कसा द्यावा?

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये तज्ज्ञ समिती बसली. तिने स्वायत्त संस्थेची शिफारस केली. सनदी लेखापालांचा कायदा, म्हणजे १९४९ चा ३८ वा अधिनियम, १ जुलै १९४९ रोजी अमलात आला. तेव्हा संविधानही लागू झालेले नव्हते. संस्थेचे पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कापडिया. सभासद होते सुमारे सतराशे. आज ते चार लाखांवर आहेत.

या कायद्यातील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या. पहिली नावाची. राजाने सनद दिली म्हणून 'चार्टर्ड' असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. येथे राजसनद नव्हती. होता तो लोकांच्या सभेने केलेला कायदा. तरीही नाव 'चार्टर्ड अकाउंटंट' हेच घेतले, आणि नावापुढची ए. सी. ए., एफ. सी. ए. ही अक्षरेही इंग्लंडच्या संस्थेची होती तीच ठेवली. काल 'रजिस्टर्ड' असलेली माणसे एका दिवसात 'चार्टर्ड' झाली. कोणी याला अनुकरण म्हणेल. आम्हाला त्यात वेगळा हिशेब दिसतो. बाजारात ज्या नाण्याला किंमत, त्या नाण्याचा छाप आपल्या टाकसाळीत पाडावयाचा, हा व्यवहार त्या मंडळींना चांगला कळत होता.

दुसरी गोष्ट २९ व्या कलमाची. जो देश हिंदी माणसाला आपल्याकडील अशा संस्थेचा सभासद होऊ देत नाही, धंदा करू देत नाही, किंवा त्याच्याशी अन्यायाचा भेदभाव करतो, त्या देशाच्या नागरिकाला येथील संस्थेचे सभासद होण्याचा हक्क नाही. दाराशी दार, असा हा सरळ करार. १९१३ च्या एकेरी वाटेला १९४९ ने दिलेले हे उत्तर. हे कलम पुस्तकात निजून राहिलेले नाही. बहुराष्ट्रीय हिशेबी पेढ्या येथील पेढ्यांच्या आडून काम करतात अशा तक्रारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली याच कलमाचा विचार केला आणि केंद्र सरकारला त्यासाठी समिती नेमावयास सांगितले.

पुढे सगळा मामला जागतिक झाला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, आणि सेवांच्या व्यापाराच्या करारात एकमेकांच्या पदव्या मानण्याचे कलम आले. त्यासाठी सर्व पेशांतून पहिल्याने निवड झाली ती हिशेबाच्या पेशाची. १९९७ च्या मे महिन्यात परस्परमान्यतेच्या करारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरली, १९९८ च्या डिसेंबरात देशोदेशींच्या अंतर्गत नियमांना शिस्त लावणारा मसुदा मंजूर झाला. करार मात्र संस्था-संस्थांनीच करावयाचे. आपल्या संस्थेने इंग्लंडच्या संस्थेशी २००८ साली समझोता केला. त्याने आपल्या माणसाला तिकडच्या बहुतेक विषयांत सूट मिळते; शेवटचे काही पेपर मात्र द्यावे लागतात. अमेरिकेत तर देश असा एक दरवाजाच नाही. न्यूयॉर्कने १८९६ मध्ये पहिला कायदा केला तेव्हापासून तेथे परवाना देते ते राज्य, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात नेण्याचीही वेगळी रीत आहे.

आमच्या संघात वेल्डर आहेत, फिटर आहेत. आय. टी. आय.चा दाखला, वर पंधरा-पंधरा वर्षांचा अनुभव. आखातात जावयाचे तर मुंबईतल्या एजंटाच्या शेडमध्ये त्यांना पुन्हा 'ट्रेड टेस्ट' द्यावी लागते. पाइपाचा तुकडा जोडून दाखवावयाचा, परीक्षक तो कापून पाहतो, आणि पुढच्या कंपनीसाठी गेले की पुन्हा नवा तुकडा. जो दहावी उतरलेला नाही त्याच्या पारपत्रावर १९८३ च्या कायद्याखालील परवानगीची अट आणखी वेगळी. एखाद्या लेखापालाने तीन पेपर पुन्हा द्यावे लागतात म्हणून तक्रार केली की आम्ही ती शांतपणे ऐकून घेतो, तक्रार खरीच असते; आणि मग त्याला विचारतो, त्या वेल्डरच्या शेडमध्ये एकदा आमच्याबरोबर येता का?