शाळांमधील स्वयंचलित डिफिब्रिलेटर

स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर (संक्षेप: एईडी) हे हृदयाची लय तपासून, गरज असेल तरच विद्युतधक्का देणारे, बॅटरीवर चालणारे सुवाह्य उपकरण आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही ते वापरता यावे, अशी त्याची रचना असते. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची मिनिटे वाया जाऊ नयेत, या हेतूने अनेक देशांत ते शाळांमध्ये ठेवले जाते.

वैद्यकीय पार्श्वभूमी

हृदयक्रिया अचानक बंद पडणे आणि हृदयविकाराचा झटका या भिन्न गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा खंडित होतो; रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा रुग्ण तत्काळ बेशुद्ध होतो. अशा वेळी पुष्कळदा हृदयाचे खालचे कप्पे, म्हणजे निलय, आकुंचन न पावता नुसते थरथरत असतात. विद्युतधक्क्याने ही थरथर थांबते आणि नियमित लय परतण्याची संधी मिळते. छातीदाब न दिल्यास, धक्का मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

मुलांमध्ये ही घटना विरळ असते. हृदयस्नायूची अनुवंशिक जाडी, हृदयाच्या विद्युतवहनातील दोष, हृदयस्नायूचा दाह ही तिची काही कारणे होत. क्रिकेटच्या चेंडूसारखा आघात छातीवर नेमक्या क्षणी बसल्यास निरोगी मुलाचे हृदयही बंद पडू शकते.

इतिहास

मानवी हृदयावर डिफिब्रिलेटरचा पहिला यशस्वी वापर १९४७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक यांनी एका १४ वर्षांच्या मुलावरील शस्त्रक्रियेत केला. १९६५ मध्ये फ्रँक पँट्रिज यांनी बेलफास्ट येथे रुग्णवाहिकेतून नेता येणारे यंत्र तयार केले. जपानमध्ये २००४ पासून सामान्य नागरिकांना एईडी वापरण्याची मुभा मिळाली. इंग्लंडच्या शिक्षण विभागाने २०२३ मध्ये सरकारी निधीवरील शाळांना ही यंत्रे पुरवली.

वापर

मूल अचानक कोसळले, हाकेला प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असे दिसताच एकाने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, दुसऱ्याने यंत्र आणावे आणि तिसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देण्यास आरंभ करावा. यंत्र सुरू करून एक चिकटपट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली व दुसरी डाव्या काखेखाली कोरड्या त्वचेवर लावतात. पुढील सूचना यंत्र बोलून देते. लय तपासताना व धक्का देताना रुग्णाला कोणीही स्पर्श करू नये. आठ वर्षांखालील मुलांसाठी बालपट्ट्या वापरतात; त्या नसल्यास मोठ्यांच्या पट्ट्या एक छातीवर व एक पाठीवर लावतात. धक्क्याची गरज नसल्यास यंत्र तो देत नाही.

यंत्र असूनही न वापरल्याची घटना

२०११ मध्ये जपानमधील साइतामा शहरात सहावीतील एक विद्यार्थिनी धावण्याच्या सरावानंतर कोसळली. शाळेत एईडी होते. तथापि ती श्वास घेत असल्याचे समजून ते वापरले गेले नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. हृदय थांबल्यावरही काही काळ रुग्ण आचके देतो आणि ते श्वासासारखे भासतात. पुढच्या वर्षी शहराच्या शिक्षण मंडळाने तिच्या नावाने शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली. श्वासाबद्दल शंका असल्यास हृदय थांबले आहे असे मानून छातीदाब व एईडी सुरू करावे, हा तिचा गाभा आहे.

महाराष्ट्र आणि नाशिक जिल्हा

भारतात शाळांना एईडी सक्तीचे करणारा केंद्रीय कायदा नाही. महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. बालकांतील जन्मजात हृदयदोष शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झाला. मात्र हृदयाच्या विद्युतवहनातील दोष साध्या तपासणीत निसटू शकतात. म्हणून तपासणी हा यंत्राला पर्याय ठरत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विशेषतः अंतराचा आहे. शहरातील शाळेजवळ रुग्णालय असू शकते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांतील आश्रमशाळांची स्थिती निराळी आहे. तेथे मुले रात्रीही वसतिगृहात असतात. शासकीय आश्रमशाळांचा कारभार पाहणाऱ्या आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय नाशिक येथेच आहे. यंत्र बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी वापरता येते. परंतु उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा ते उन्हात तापणाऱ्या पेटीत ठेवणे अयोग्य ठरते. पावसाळ्यात भिजलेली छाती पुसूनच पट्ट्या लावाव्या लागतात.

देखभाल

कुलूपबंद कपाटातील यंत्र वेळेवर हाती येत नाही. ते मैदानापासून दोन-तीन मिनिटांत आणता येईल अशा, सर्वांना ठाऊक असलेल्या उघड्या जागी असावे. पट्ट्या व बॅटरी यांची मुदत संपते; म्हणून मुदतीची नोंद ठेवणे आणि सज्जतेचा दिवा नियमित पाहणे हे ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवावे लागते. शिक्षक, वसतिगृह अधीक्षक, शिपाई व मोठ्या वर्गांतील विद्यार्थी यांना प्रशिक्षण देऊन दरवर्षी सराव घेतल्यास यंत्र प्रत्यक्ष उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.