ख्रिसमस ट्री : कापलंत म्हणजे घेतलंत!

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या किती मंडळींना हे माहीत असेल कुणास ठाऊक, पण अमेरिकेतली ख्रिसमस ट्रीची पहिली शेती आपल्या शेजारीच सुरू झाली असं मानलं जातं. १९०१ साली ट्रेंटनजवळ मॅकगॅलिअर्ड नावाच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीत नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपं लावली. सात वर्षं थांबला आणि १९०८ च्या सुमारास विक्री सुरू केली. भाव एका झाडाला एक डॉलर.

हा एक डॉलर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याआधी ही झाडं यायची कुठून? सरळ जंगलातून. घरात झाड सजवायची पद्धत जर्मनांची. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र आलं. १८५० मध्ये तेच चित्र 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकन मासिकाने छापलं, पण राणीचा मुकुट खोडून. म्हणजे कसं, एखादं साधंसुधं अमेरिकन कुटुंबच वाटावं! (फोटोशॉप नव्हतं तेव्हाची गोष्ट :) ) आणि मग सगळ्यांनाच झाड हवंसं झालं.

पुढच्याच वर्षी, १८५१ मध्ये, मार्क कार नावाचा माणूस कॅट्सकिलच्या डोंगरातली झाडं तोडून, बैलांच्या घसरगाड्यांवर लादून न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन मार्केटमध्ये घेऊन आला. फुटपाथच्या जागेचं भाडं एक डॉलर दिलं आणि सगळा माल खपवून परत गेला. शिकागोत हाच धंदा बोटीवर चालायचा. कॅप्टन हर्मन शूनेमन मिशिगनच्या जंगलातली झाडं जहाजात भरून आणायचा आणि क्लार्क स्ट्रीटच्या पुलापाशी जहाज लावून तिथेच विकायचा. मध्ये दलाल नाही. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी त्याचं 'राऊज सिमन्स' हे जहाज झाडांसकट आणि माणसांसकट लेक मिशिगनमध्ये बुडालं. त्याच्या बायको-मुलींनी तरीही धंदा बंद केला नाही. जहाजाचे अवशेष थेट १९७१ मध्ये सापडले.

आता या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे बघा. कार असो, शूनेमन असो, झाड आधीच तोडलेलं असायचं. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, भाव विचारायचं, नाक मुरडायचं आणि परवडलं नाही तर चालायला लागायचं. चोवीस तारखेनंतर त्या झाडाला कुणी विचारणार नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असायचं. म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत घासाघीस करण्यात गिऱ्हाइकाचा हात वर.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. जंगलातल्या झाडांची जागा शेतातल्या झाडांनी घेतली. शहराबाहेर घरं झाली, घरटी गाडी आली, आणि 'या, आवडेल ते झाड निवडा, स्वतः कापा, घेऊन जा' अशी शेतं निघाली. शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला तर झकास कल्पना! तोडणीची मजुरी वाचली, शहरापर्यंतची वाहतूक वाचली, न खपलेला माल फेकायला नको. जे कापलं नाही ते पुढच्या वर्षी एक फूट वाढून जास्त भावाला जाणार. आणि गिऱ्हाइकाला काय? तर 'अनुभव'. आपल्याकडच्या हुरडा पार्टीसारखंच. फक्त हुरडा पार्टीत निदान भाजून तरी देतात.

हा 'अनुभव' आम्ही गेल्या डिसेंबरात घेतला. शेताचं नाव सांगत नाही. मी, ऑफिसातला एक मित्र, त्याची बायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी, जिने शाळेतून 'झाड हवंच' असा हट्ट आणला होता. वेबसाईटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सगळी झाडं ८५ डॉलर. पार्किंगपाशी एका कॉलेजकुमाराने, कानातली वायर न काढता, हातात करवत दिली. निम्मे दात गेलेली. 'दुसरी आहे का?' तर खांदे उडवले. चिखलात आडवं पडून वीस मिनिटं करकर केल्यावर झाड पडलं. ते अर्धा किलोमीटर ओढत आणलं, सुक्या सुया झाडणाऱ्या यंत्राच्या रांगेत उभे राहिलो, मग जाळी चढवायच्या रांगेत. मग काउंटर. तिथल्या बाईंनी झाडाकडे पाहिलं न पाहिलं, म्हणाल्या, एकशे चाळीस.

का? तर म्हणे त्या ओळीतली झाडं 'प्रीमियम', त्यांना निळी फीत असते. आमच्या झाडाला फीत नव्हती. शेजारच्याही नव्हती, मी फोटो दाखवला. 'वाऱ्याने उडाली असेल.' मग हे झाड परत घ्या, म्हटलं. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या आणि मागच्या पाटीकडे बोट केलं. पाटीचा अर्थ एवढाच, की कापलंत म्हणजे घेतलंत.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, परत चिकटवता येतंय का बघा!" मुलगी झाडाला मिठी मारून उभी. पैसे दिले. तक्रारीच्या ईमेलला आजतागायत उत्तर नाही.

घरी आल्यावर डोक्यातून ते जाईना. पंचावन्न डॉलरचं दुःख आहेच (खोटं कशाला बोला), पण जास्त राग आला तो त्या हसण्याचा. कारण त्या बाईंना ठाऊक होतं की आता आमच्या हातात काही नाही.

स्वतःचं काम स्वतः करायची दुकानं अमेरिकेला नवी नाहीत. १९१६ मध्ये क्लॅरेन्स साँडर्सने मेम्फिसमध्ये 'पिगली विगली' काढलं. तोवर किराणा दुकानात यादी द्यायची आणि नोकर सामान काढून द्यायचा. साँडर्सने टोपली गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि नोकरांचं काम त्याच्याकडून करून घेतलं, अगदी तसंच. पण तिथे वस्तूवर किंमत लिहिलेली होती, आणि काउंटरला पोचेपर्यंत साबण परत फळीवर ठेवता येत होता. झाड परत जमिनीत ठेवता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे 'अनडू' नाही, आणि किंमत 'कमिट' झाल्यावर दिसते. असा सॉफ्टवेअरचा स्क्रीन मी बनवला तर टेस्टरच मला फाडून खाईल.

शेतकऱ्याची बाजू नाही असं नाही. सहा-सात फुटांचं झाड व्हायला सात ते दहा वर्षं लागतात. दर वर्षी छाटून तो शंकूचा आकार आणावा लागतो, आपोआप येत नाही. आणि गिऱ्हाईक वर्षातले तीन-चार शनिवार-रविवार. आमच्याकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट चुकतो, इथे आठ वर्षांपूर्वीचा अंदाज आज बरोबर निघावा लागतो. २००८ च्या मंदीत नेमकं हेच झालं. आधीच झाडं जास्त झाल्याने भाव पडले होते, त्यात मंदी. शेतकऱ्यांनी रोपं कमी लावली, काहींनी धंदाच सोडला. त्याचा फटका बसला २०१६-१७ मध्ये : झाडं कमी, भाव वर. या वर्षी ठरल्यापेक्षा जास्त कापू दिली तर पुढच्या वर्षीची संपतात, म्हणून कित्येक शेतं डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच फाटक बंद करतात. त्यात लोकांना फ्रेझर फर हवा असतो, कारण त्याच्या सुया लवकर गळत नाहीत. पण तो मूळचा दक्षिण अ‍ॅपलेशियन डोंगरातला. पाणी धरणाऱ्या जड मातीत त्याची मुळं कुजतात. तेव्हा इकडची काही शेतं नॉर्थ कॅरोलायनातून तोडलेले फ्रेझर ट्रकने मागवतात आणि काउंटरशेजारी उभे करतात.

हे सगळं मान्य. झाडाला एकशे चाळीस पडतात तर एकशे चाळीस लिहा ना! माझं भांडण भावाशी नाहीच. भाव झाड उभं असताना सांगायचा की आडवं झाल्यावर, एवढाच प्रश्न आहे. मॅकगॅलिअर्डच्या एका डॉलरला काही वर्षं वाट पाहण्याची किंमत होतीच की. ती त्याने फितीच्या मागे लपवली नाही.

ज्यांना ही कटकट नको होती त्यांच्यासाठी १९५९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी झाडं तयार व्हायला लागली. त्यावर विजेच्या माळा लावायच्या नाहीत, शॉक बसेल, म्हणून खालून रंगीत चक्र फिरवणारा दिवा सोडायचा. १९६५ च्या चार्ली ब्राउनच्या कार्टूनमध्ये त्यांची यथेच्छ टिंगल झाली आणि पुढे त्यांची फॅशन ओसरली. मग प्लास्टिक आलं, आणि आज झाड लावणाऱ्या बहुतेक अमेरिकन घरांत तेच असतं. खोक्यात घडी घालून माळ्यावर जातं. किंमत खोक्यावर छापलेली असते.